दोन कऱ्हाड आणि एक व्हार डंप

पीएचपी या वेबसाइट बनवायच्या भाषेत काम करणारा माणूस ओळखायचा असेल तर त्याच्या कोडमध्ये प्री टॅग शोधायचा. प्री उघडला, आत प्रिंट आर (डेटा छापणारा फंक्शन) मारला, प्री बंद केला आणि खाली डाय, म्हणजे प्रोग्राम तिथेच थांबव. एवढ्या सामानावर लोकांनी अख्ख्या कंपन्या चालवल्यात. प्री टॅग का, तर ब्राउझर सगळ्या स्पेस आणि नव्या ओळी गिळून एकच लांबलचक शेपूट करतो, आणि तीनशे ओळींचा ॲरे, म्हणजे नोंदींची यादी, शेपटीसारखी वाचायची वेळ ज्याच्यावर आलीय त्याला प्री टॅगची किंमत विचारा.

याला हसणारे लोक असतात. आमच्या महापेच्या ऑफिसातच आहेत. त्यांचं म्हणणं असं की सरळ डिबगर (चालू प्रोग्राम थांबवून आत बघायचं टूल) लाव, ब्रेकपॉइंट टाक, म्हणजे थांबायची जागा सांग, एकेक ओळ पुढे सरकव, हे काय प्रिंट मारत बसलात आदिमानवासारखे. बरोबर आहे त्यांचं. एक्सडिबग, म्हणजे पीएचपीचा डिबगर, २००२ पासून आहे, डेरिक रेथन्स नावाच्या माणसाने सुरू केलं आणि आजही तोच सांभाळतोय, मी स्वतः वापरते आणि व्हीएस कोड या एडिटरमध्ये नीट लागलं की मजा येते. पण आमचं एक काम वाशीच्या एपीएमसीतल्या भाजीपाल्याच्या एका गाळ्याचं आहे, तिथला धंदा आपण कूस बदलतो त्या वेळेला सुरू असतो, आणि पहाटे चारला त्यांच्या पट्ट्या निघताना काही बिघडलं तर तिथे कोण ब्रेकपॉइंट लावून बसलंय? सकाळी ठाण्याला नऊ नंबरवर ट्रान्स हार्बरची वाट बघताना माझ्या हातात जे असतं ते फक्त रात्री काय छापलं गेलं तेवढंच. त्यामुळे छापलेलं नीट वाचता येणं हा माझ्यासाठी शौकाचा विषय नाही.

आता नीट वाचता येणं म्हणजे काय, यावर माझं मत जरा वेगळं आहे. रंगीबेरंगी, घडीचं, क्लिक केलं की उलगडणारं आउटपुट म्हणजे नीट, असं बरेच जण धरून चालतात. मला ते आवडतं, नाही असं नाही. पण सुंदर दिसणारं आउटपुट आणि खरं सांगणारं आउटपुट या दोन गोष्टी बऱ्याचदा एकमेकींच्या विरोधात जातात, आणि हे मला पटलं ते कऱ्हाडमुळे.

झालं असं. पट्टी म्हणजे शेतकऱ्याला मिळणारा हिशोब, अमुक गोण्या आलं आलं (हो, दोनदाच, एक वस्तू आणि एक क्रियापद), अमुक भावाने गेलं, त्यातून मोटारभाडं, हमाली, तोलाई वजा, उरले ते तुमचे. मोटारभाडं गावावर ठरतं. गाव आणि दर असा एक तक्ता, कोडमध्ये साधा ॲरे, गावाचं नाव ही की (शोधायची किल्ली) आणि समोर गोणीमागे रुपये. आधीच्या लोकांनी लिहिलेल्या कोडमध्ये एक ओळ होती, गाव तक्त्यात सापडलं तर तो दर, नाही सापडलं तर शून्य. दोन प्रश्नचिन्हं आणि एक शून्य. दिसायला एकदम स्वच्छ ओळ, रिव्ह्यूमध्ये कोणीही पास करेल.

दिवाणजींचा फोन आला की गाडीवाल्याचा हिशोब जुळत नाहीये, कऱ्हाडच्या मालाचं भाडं कमी पडतंय. सगळ्या कऱ्हाडच्या नाही, काही पट्ट्यांचं. शेतकऱ्यांकडून अर्थातच एकही तक्रार नव्हती, भाडं शून्य लागलं म्हणून कोण कशाला फोन करेल. गाडीवाल्याला मात्र शेठ खिशातून देत होते.

आमच्याकडचा नवीन पोरगा हे बघायला बसला. हुशार आहे, घाई जरा जास्त. त्याने शिरस्त्याप्रमाणे प्री, प्रिंट आर, प्री. तक्ता छापला, त्यात कऱ्हाड, समोर ४५. पट्टीची नोंद छापली, गाव कऱ्हाड. मग निकाल छापला, भाडं ०. मला हाक मारली, "ताई, बघा ना, सेमच आहे. सर्व्हर गंडलाय." सर्व्हर गंडलाय हे आमच्या धंद्यातलं ग्रहणासारखं कारण आहे, सगळ्याला चालतं. मी म्हटलं अरे टाइप करून बघ. त्याने स्वतः कऱ्हाड टाइप केलं, नाही सापडलं. तक्त्यातलंच कॉपी करून पेस्ट केलं, सापडलं. आता त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

इथे प्रिंट आरची गोष्ट सांगायलाच हवी. हा माणसाला वाचायला सोपं जावं म्हणून बनवलेला फंक्शन, आणि सोपं करायच्या नादात तो बरंच काही लपवतो. नल, म्हणजे किंमतच नसणं, दिला तर काही छापत नाही. फॉल्स दिला तरी काही छापत नाही. रिकामी स्ट्रिंग, म्हणजे रिकामा मजकूर, दिली तरी तेच. म्हणजे स्क्रीनवर कोरी जागा दिसली तर तिचे तीन अर्थ निघतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे. ट्रू दिला तर १ छापतो, आकडा १ दिला तरी १, स्ट्रिंगमधला १ दिला तरी १. व्हार डंप हा छापायचा दुसरा फंक्शन, दिसायला कुरूप आहे, प्रत्येक गोष्टीपुढे तिची जात लिहितो, इंट (पूर्णांक), फ्लोट (दशांश), बूल (खरं-खोटं), आणि स्ट्रिंग असेल तर कंसात लांबी. ही लांबी लोक डोळ्यांनी गाळतात. मीही एरवी गाळते, कामच पडत नाही तिचं.

तर व्हार डंप मारला. पहिल्यांदा त्यानेही हुलकावणी दिली, कारण ॲरे डंप केला की व्हॅल्यूंची लांबी दिसते पण कींची दिसत नाही, की नुसती अवतरणात येते, आणि आमचा कऱ्हाड तर कीमध्ये बसलेला. म्हणून आधी सगळ्या की बाहेर काढून त्यांचा वेगळा ॲरे केला आणि मग डंप केला. तक्त्यातला कऱ्हाड, स्ट्रिंग २१. पट्टीतला कऱ्हाड, स्ट्रिंग १८.

ही लांबी अक्षरांची नसते, बाइटची असते, आणि यूटीएफ आठ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं. क, ऱ, हलन्त, ह, काना, ड, झाले सहा, सहा त्रिक अठरा. मग एकवीसवाल्यात सातवं कोण बसलंय? फरक बरोबर ३ बाइटचा म्हणजे काहीतरी एक चिन्ह जास्त आहे आणि ते दिसत नाहीये. पोरगा स्क्रीनला नाक लावून बघत होता. मी म्हटलं नाकाने नाही दिसणार, जेसन एन्कोड कर, पण फ्लॅग न लावता.

तो फ्लॅग, म्हणजे जास्तीचा पर्याय, सांगते. पीएचपीत जेसन एन्कोड, म्हणजे डेटा जेसन नावाच्या साच्यातल्या मजकुरात बदलणारा फंक्शन, साधा वापरला तर तो देवनागरीचा चुराडा करतो, क च्या जागी उलटी तिरपी रेघ, यू, ०९१५, असं प्रत्येक अक्षराचं. मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी हे बघून कपाळ बडवलंय, आणि २०१२ मध्ये पीएचपी ५.४ आल्यापासून अनएस्केप्ड युनिकोड नावाचा फ्लॅग मिळाला म्हणून आपण सगळे सुखी आहोत, तो फ्लॅग आमच्या प्रोजेक्टमध्ये जिथे तिथे लावलेला आहे, लॉगमध्येसुद्धा. लॉग म्हणजे कसा मस्त मराठीत वाचता येतो! आणि त्याच मस्त मराठी लॉगमध्ये हे दोन कऱ्हाड इतके दिवस शेजारी शेजारी बसले होते आणि कोणाला काही दिसलं नाही.

फ्लॅग काढला आणि लख्ख प्रकाश. एकात यू०९३१ (अक्षराचा युनिकोडमधला क्रमांक), म्हणजे सरळ ऱ हे वेगळं अक्षर, आणि मग हलन्त. दुसऱ्यात यू०९३०, म्हणजे साधा र, मग हलन्त, आणि मग यू२००डी. हा यू२००डी म्हणजे झिरो विड्थ जॉइनर, शून्य रुंदीचा जोडणारा, नावाप्रमाणे त्याला रुंदीच नाही त्यामुळे तो कुठल्याच फाँटमध्ये दिसणार नाही. आपला तो पापणीसारखा अर्धा र, दऱ्याखोऱ्यातला, शेतकऱ्यातला, तो दोन्ही रस्त्यांनी निघतो आणि युनिकोडच्या नियमात दोन्ही रस्ते बसतात. बघा, कऱ्हाड आणि कर्‍हाड. पहिला अठराचा, दुसरा एकवीसचा. मी इथे खरंच दोन वेगळे टाइप केलेत, वाटल्यास कॉपी करून मोजा. एका कीबोर्डवरून एक निघतो, दुसऱ्यावरून दुसरा, गाळ्यावर कॉम्प्युटरवर दिवाणजी टाइप करतात आणि मोबाइलवरून त्यांचा भाचा, म्हणून काही पट्ट्या बरोबर आणि काही चूक. एनएफसी नॉर्मलायझेशन (वेगवेगळ्या रीतीने लिहिलेली अक्षरं एकसारखी करायची युनिकोडची पद्धत) मारलं की सगळं एकसारखं होतं असं म्हणणारे भेटतील, पण ते या जोडीला एकत्र आणत नाही, र, हलन्त आणि जॉइनर एकापाठोपाठ दिसले की त्याचा ऱ आणि हलन्त करायचा, हे हातानेच लिहावं लागतं. लिहिलं, जुन्या नोंदींवर चालवलं, आणि त्या स्वच्छ ओळीतलं शून्यही काढून टाकलं, आता गाव सापडलं नाही तर पट्टी अडते आणि लॉगमध्ये बोंब होते. दिवाणजींना ते फारसं आवडलेलं नाही पण गाडीवाल्याला आवडलंय.

मार्केटात गोणीचं तोंड उघडून हात आत घालून खालचं आलं वर काढून बघतात, वरवरचा थर बघून कोणी भाव सांगत नाही, आणि डिबगिंगच्या टूलकडून माझी अपेक्षा एवढीच आहे.

हेच पायथन या दुसऱ्या भाषेत असतं तर काम लवकर झालं असतं हेही सांगून टाकते, माझे पायथनवाले मित्र खूश होतील. तिथे नुसतं प्रिंट केलं तर फरक दिसत नाही पण रेप्र (किंमत आतून कशी आहे ते दाखवणारा फंक्शन) घेतला की देवनागरी देवनागरीच राहते आणि फक्त ती न दिसणारी चिन्हं तेवढी आकड्यात दाखवतो, जॉइनर तसाच, एक्सेलमधून येणारी न तुटणारी स्पेस तशीच. म्हणजे वाचताही येतं आणि लपतही नाही. ज्याने कोणी हे ठरवलं त्याला माझ्यातर्फे वाशी स्टेशनबाहेरचा एक वडापाव.

पायथनचीच आणखी एक गोष्ट, ३.८ मध्ये, म्हणजे २०१९ ला, एफ स्ट्रिंगमध्ये (व्हेरिएबल आत घालता येणारा मजकूर) व्हेरिएबलच्या पुढे नुसतं बरोबरचं चिन्ह टाकलं की नाव आणि किंमत दोन्ही छापायची सोय आली. भाडं बरोबर ४५, असं. आइसक्रीम नावाची एक छोटी लायब्ररी आहे, आयसी म्हणायचं आणि कंसात काहीही द्यायचं, ती एक्स्प्रेशनही छापते आणि उत्तरही, आणि कंसात काहीच नाही दिलं तर फाइल, ओळ आणि फंक्शनचं नाव सांगते. वरवर क्षुल्लक वाटतं. पण आपल्या लॉगमध्ये लोक काय लिहितात ते आठवा. "इथे आलो." "इथे आलो २." "आला रे आला." एकाने तर "बाप्पा मोरया" लिहिलेलं मी पाहिलंय, लूपच्या आत, म्हणजे विसर्जनाला होत नाही एवढा गजर. आमच्या पोराने "आलं का" असं लिहिलं होतं, आणि मग आल्याच्या व्यापाऱ्याच्या लॉगमध्ये ग्रेप मारून "आलं" शोधायला बसला, शेकडो ओळी सापडल्या, सगळ्या गोण्यांच्या.

सुंदर टूलांची लपवाछपवी आणखी कुठे कुठे असते ते एकदा कळलं की सवय लागते शोधायची. एक्सडिबग चालू असेल तर व्हार डंपला रंग चढतात, छान दिसतं, पण तो डीफॉल्टला फक्त ३ पातळ्या खोल जातो, प्रत्येक पातळीवर १२८ गोष्टी दाखवतो आणि स्ट्रिंग ५१२ बाइटवर कापतो. पुढे नुसते तीन ठिपके. मोठा ॲरे असेल आणि तुमची अडचण दोनशेव्या नोंदीत असेल तर ती त्या ठिपक्यांत आहे. सेटिंगमध्ये बदलता येतं, पण आधी माहीत हवं ना की कापलंय. ब्राउझरचा कन्सोल, म्हणजे त्यातली डेव्हलपरची खिडकी, तर त्याहून वस्ताद. ऑब्जेक्ट लॉग केला आणि नंतर त्रिकोणावर क्लिक करून उलगडला तर जे दिसतं ते लॉग केलं त्या क्षणाचं नसतं, उलगडलं त्या क्षणाचं असतं. शेजारी बारीकसा इंग्रजी आय काढलेला असतो, त्यावर माउस नेला तर तसं लिहिलेलंही आहे, पण कोण नेतो. आधी आणि नंतर असे दोन लॉग मारले, दोन्ही उलगडून बघितले, दोन्हीत नंतरचंच, आणि माणूस म्हणतो माझा कोड काही बदलतच नाहीये. त्यापेक्षा जेसन स्ट्रिंगिफाय करून मजकूर छापा, कुरूप का असेना, त्या क्षणाचा फोटो मिळतो. कन्सोल टेबलची मात्र मी तारीफ करेन, पट्टीच्या वीसेक ओळी तक्त्यात समोरासमोर आल्या की वेगळी ओळ डोळ्यात खुपतेच, तिथे मांडणी खरोखर उपयोगाची आहे.

लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कवाल्यांचा लाडका डीडी. डंप अँड डाय. आत सिम्फनी या दुसऱ्या फ्रेमवर्कचा व्हार डंपर आहे, तो चांगलाच आहे, प्रोटेक्टेड आणि प्रायव्हेट वेगळं दाखवतो, कुठल्या क्लासचा ऑब्जेक्ट ते सांगतो, खोल घड्या घालून ठेवतो. पण भाच्याच्या मोबाइल ॲपला जेसन हवं असतं आणि मधेच कोणी डंप मारून ठेवला की ॲप म्हणतं हे काय, आणि बंद पडतं. आता मूळ प्रॉब्लेम बाजूला आणि डंपचाच प्रॉब्लेम. म्हणून आउटपुट वेगळ्या वाटेने काढणारी टूलं मला जास्त पटतात, डंप सर्व्हर आहे, वेगळ्या टर्मिनलमध्ये सगळे डंप जमा होतात, किंवा साधा एरर लॉग आणि त्यावर टेल, म्हणजे नव्या ओळी येतील तशा दाखवणारी कमांड. वेगळ्या खिडकीत आलं की मूळ गोष्टीला धक्का लागत नाही.

पैशांचं तर विचारूच नका. एको, म्हणजे पीएचपीत साधं छापणं, केलं तर ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३, शाळेतल्यासारखं. आताच्या पीएचपीत व्हार डंप केलं तर ०.३०००००००००००००००४. हमाली तोलाईच्या पैशांचे फ्लोट बेरजेत घेतले की कधीतरी दोन बेरजा तुलनेत जुळत नाहीत आणि एकोवर दोन्ही तंतोतंत सारख्या दिसतात. पैसे पूर्णांकात ठेवा, पैशात ठेवा, हे सगळे सांगतात आणि ते बरोबर आहे, पण ज्याला ते शून्यांच्या शेवटी बसलेलं चार दिसलंच नाही तो कशाला ऐकेल. आणि कांद्याचं म्हणाल तर पीएचपी ७ पर्यंत दोन बरोबरच्या चिन्हांनी विचारलं की शून्य आणि कांदा ही स्ट्रिंग सारखी आहे का, तर उत्तर हो यायचं. २०२० मध्ये पीएचपी ८ आलं तेव्हा हे बदललं. लासलगावच्या शेतकऱ्याला आधीचंच उत्तर जास्त ओळखीचं वाटेल.

एक गोष्ट मात्र मी कडक करून टाकली. या डंपमध्ये शेतकऱ्यांचे मोबाइल नंबर असतात, बँक खाती असतात, आणि पोरं स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकतात, "हे बघ काय येतंय". जेवढं आउटपुट स्पष्ट तेवढं ते भलत्याला वाचायलाही सोपं. लाइव्ह सर्व्हरवर डिबग मोड चालू राहिला तर एररच्या पानावर काय काय उघडं पडतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. त्यामुळे आमच्या डंपमध्ये नंबरचे शेवटचे चारच आकडे येतात, खात्याचेही तसेच.

आमच्या म्हणजे काय, तर त्या पोराने एक छोटा फंक्शन लिहिलाय, नाव ठेवलंय दाखव. त्याला काहीही द्या, तो व्हेरिएबलचं नाव, जात, बाइटमधली लांबी, चिन्हांची संख्या, फाइल आणि ओळ छापतो, आणि स्ट्रिंगमध्ये न दिसणारं काही असेल तर तेवढंच लाल रंगात आकड्यात. चाळीसेक ओळींचा आहे. आमचे डिबगरप्रेमी सीनियर म्हणतात असली टूलं बाजारात पन्नास आहेत, कशाला घरचं. मला वाटतं असू दे, कारण बाजारातल्या पन्नासांना आपला पापणीचा र माहीत नाही.

सध्या त्यानेच दाखव लावून गावांची अख्खी यादी काढलीय. जॉइनरवाली गावं संपली, पण एक्सेलमधून आलेल्या नावांच्या शेवटी न तुटणाऱ्या स्पेस निघाल्यात, त्या पीएचपीच्या ट्रिमने (कडेच्या स्पेस छाटणारा फंक्शन) जात नाहीत. जुन्नर तीन आहेत. दिवाणजींना विचारलंय यातला कुठला ठेवायचा, ते म्हणाले सगळे ठेवा, माल तिन्हीकडून येतो.